डावीकडची विंडो

१२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझा प्रोग्राम बिघडला आहे. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पहिल्या ओळीला तू पत्र बंद करणार नाहीस. फोन तू उचलत नाहीस. 'कसा आहेस' असं विचारलं की तुझं उत्तर येत नाही. पण मागे एकदा 'प्रिंट होत नाहीये' एवढंच लिहिलं होतं, तर तासाभरात उत्तर हजर. म्हणून आता मीही शहाणी झाले आहे.

तर तक्रार अशी. बाबांच्या कंप्युटरवरच्या एडिटरमध्ये तू दोन विंडो मांडून दिल्या होत्यास. डावीकडे पुस्तक, उजवीकडे त्याची सूची. बाबा डावीकडे वाचत जाणार, सूचीत घेण्याजोगा शब्द दिसला की तो सिलेक्ट करणार आणि तुझी ती कळ दाबणार. शब्द पान-क्रमांकासकट उजवीकडे आपल्या जागी जाऊन बसणार. फोकसही त्याच्या मागोमाग उजवीकडे जाणार, म्हणजे बाबांना पुढे आणखी दोन शब्द लिहायचे असले तर लिहिता येतील. मग एंटर मारला की फोकस मुकाट्याने डावीकडे परत. इतकी वर्षं हे असंच चाललं. तू घर सोडून गेलास त्यानंतरही बाबांनी त्यातली एक ओळ कुणाला बदलू दिली नाही. हे तुला माहीत नसेल म्हणून लिहिलं. चुकून लिहिलं असं समज.

डिसेंबरात एडिटरचं नवीन अपडेट आलं आणि तेव्हापासून सगळं फिसकटलं. एंटर मारल्यावर फोकस डावीकडे जातो, पण बाबा आपले उजवीकडेच बघून लिहीत राहतात. ज्या विंडोत फोकस तिथेच अक्षरं पडणार, म्हणजे पडतात पुस्तकात. तिथला शब्द अजून सिलेक्ट झालेलाच असतो, त्यामुळे पहिलं अक्षर पडलं की तो शब्दच गायब. सध्या पुलांच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक आलंय. काल त्यातल्या एका प्रकरणाचं नावच उडालं आणि त्या जागी बाबांनी टाइप केलेलं 'दगडी, पाहा कमान' येऊन बसलं. बाबा म्हणाले, "तुझ्या भावाच्या प्रोग्रामने पुस्तक खाल्लं." पूर्वी दिवसाला एक प्रकरण उरकायचे, आता दोन-चार पानांवर घोडं अडतं.

मागच्या महिन्यात तू आला होतास त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तू तुझ्या जुन्या खुर्चीशी उभा राहून हाक मारलीस, त्यांनी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं, आणि मी चहा घेऊन येईपर्यंत तू दारात बूट घालत होतास. "बघितलंस ना, ताई? खिडकीकडे तोंड फिरवलं त्यांनी," एवढंच म्हणालास. मी बघितलं नव्हतं. तुझा चेहरा तेवढा बघितला. बाबांनी नंतर विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. आपल्या घराची ती रीतच आहे.

तर प्रोग्राम बघ. एंटरनंतर फोकस उजवीकडेच राहील असं काहीतरी कर.

ताई


१५ फेब्रुवारी

बारक्या,

मिळालं. पाच ओळींचा प्रोग्राम आणि वर एक टीप: 'फोकस डावीकडेच जायला हवा, नाहीतर पुढचा शब्द निवडता येणार नाही. म्हणून डावी विंडो आता फक्त वाचण्यापुरती.' ना प्रिय, ना आपला. विजेचं बिलसुद्धा आपल्याला 'माननीय ग्राहक' म्हणतं रे.

बसवलं. पुस्तक वाचलं, हे खरं. आता बाबा टाइप करतात आणि एडिटर ठणाठणा घंटा वाजवतो, कारण अक्षरं डावीकडे जाऊ बघतात आणि तू दार लावून घेतलंयस. सकाळभर घरात ठण ठण ठण. बाबा म्हणाले, "कीबोर्ड मेलाय." मी म्हटलं, "बाबा, कीबोर्ड ठणठणीत आहे, तुम्ही डावीकडे आहात." ते म्हणाले, "मी कुठे आहे ते मला कळत नाही का?" आणि उठून आडवे झाले.

मला आधी वाटलं, नजर. चाळीस माणसांना रोज चष्मे लावणारी मी, माझ्याच बापाला दिसत नसेल तर दुकानाला कुलूप लावलेलं बरं. म्हणून त्यांना दुकानात नेऊन बसवलं. नंबर तोच आहे, डोळ्याच्या पडद्याला काही नाही, मोतीबिंदू तसूभरसुद्धा वाढलेला नाही. अक्षरांचा तक्ता वाचताना मात्र प्रत्येक ओळीतली पहिली दोन-तीन अक्षरं गाळत होते. मी टोकलं तर म्हणाले, "बालवाडीतल्या पोराला विचारल्यासारखं काय विचारतेस? खालची ओळ वाचली ना मी? मग झालं तर." खालची ओळ खरंच वाचली होती. अगदी बारीक टायपातली, अर्धी का होईना. म्हणजे नजर चांगली आहे आणि डोकं फिरलंय.

घंटेचं काहीतरी कर. शेजारी विचारायला लागलेत.

ताई


२० फेब्रुवारी

बारक्या,

तुझी युक्ती चांगली होती. ज्या विंडोत फोकस, तिच्या भोवती नारिंगी कड. मला स्वयंपाकघराच्या दारातूनसुद्धा दिसते. एखाद्या आंधळ्यालाही दिसावी एवढी भडक केली आहेस.

बाबांना दिसत नाही.

म्हणजे उजवीकडे कड आली की दिसते. "हो, आली," म्हणतात. एंटर मारला की कड डावीकडे जाते आणि बाबा म्हणतात, "गेली." मी विचारलं, "कुठे गेली?" तर म्हणाले, "गेली म्हणजे गेली. विझली." मी पडद्याला बोट लावून दाखवलं. त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही दोघं मिळून माझी थट्टा करताय का?"

'दोघं' म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा.

मग चांगलंच वाजलं आमचं. मी म्हटलं, तुम्हाला बघायचंच नाहीये. बारक्याने केलेलं काही तुमच्या नजरेला खपतच नाही. मी तुझी बाजू घेतली एवढं तुझ्या खाती नोंदव. हल्ली त्यांचं सगळंच असं अर्धवट झालंय. ताटात वाढलेलं अर्धं तसंच टाकून उठतात आणि वर मलाच ऐकवतात, "आज कमी वाढलंस." दाढी करतात ती एका गालाची. दुसऱ्या गालावर खुंट तसेच. मी म्हणते, आरशात बघा, तर म्हणतात, बघितलं. म्हातारपणी माणूस हट्टी होतो हे ऐकलं होतं, पण एवढा?

एक विचारते. प्रोग्रामच्या टिपांमध्ये तू व्यवस्थित वाक्यं लिहितोस, पूर्णविरामसुद्धा देतोस. त्यातलं एखादं वाक्य माझ्यासाठी लिहिलंस तर काही बिघडेल का?

ताई


२७ फेब्रुवारी

बारक्या,

जिंकलास बाबा. हात टेकले तुझ्यापुढे.

दोन्ही विंडो शेजारी शेजारी न ठेवता एकीखाली एक ठेवायच्या, वर पुस्तक आणि खाली सूची, हे इतके दिवस कुणाला कसं सुचलं नाही? बसवल्यापासून घंटा नाही, कड शोधणं नाही, खाल्लेला शब्द नाही. फोकस वर गेला की बाबा वर बघतात, खाली आला की खाली बघतात. शहाण्या मुलासारखे. पहिल्याच दिवशी एक प्रकरण झालं. माझा जीव भांड्यात पडला.

त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "मीच. खटपट केली जरा." त्यांनी तुझा प्रोग्राम उघडला, बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "टिपेच्या शेवटी पूर्णविराम आहे. असला पूर्णविराम एकच माणूस देतो." प्रोग्राम बंद केला. मग म्हणाले, "बरं केलंय."

मी हे जसंच्या तसं लिहिते आहे, तिखटमीठ लावलेलं नाही. 'बरं केलंय' म्हणाले. चार वर्षांपूर्वी ज्या टेबलावर तुमचं वाजलं, त्याच टेबलावर. तेव्हा तू आपोआप सूची करणारा प्रोग्राम आणलास आणि प्रकाशनाच्या संपादकबाईंच्या देखत बाबांना म्हणालास, "तुमचं आठवड्याचं काम हा चार मिनिटांत करतो. आता तुम्ही आराम करा." तुला खरंच वाटत होतं की त्यांनी आराम करावा. मला ते तेव्हाही कळलं होतं. त्यांना वेगळंच ऐकू आलं. "शब्द कुठे आहे ते तुझं यंत्र सांगेल. माणूस काय शोधत येईल ते कसं सांगेल?" असं म्हणाले. त्यावर तू हसलास. हसायला नको होतंस.

असो. मी तुम्हा दोघांची वकिली करायला बसलेली नाही. पुस्तक आठ-दहा दिवसांत हातावेगळं होईल असं दिसतंय. त्यानंतर एकदा ये. या वेळी मी चहा आधीच करून ठेवीन.

ताई


१० मार्च

बारक्या,

'येत नाही' एवढंच लिहिलंस. ठीक आहे. निदान ते प्रोग्रामच्या टिपेत नव्हतं.

आता कामाचं. संपादकबाई आज घरी आल्या होत्या. बाबांनी पाठवलेली सूची त्यांनी परत आणली. बाईंचं बोलणं नेहमीसारखंच, गोड आणि सरळ. "काका, कमान आहे, कठडा आहे, तुळई आहे. खांब नाहीच? पुलाच्या पुस्तकात खांब नाही?" बाबा म्हणाले, "खांब कुठे आलाय पुस्तकात?" बाईंनी पुस्तक उघडून समोर धरलं. तिथे खांब होता. बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "हे मी वाचलेलं पान नाही." बाई हसल्या. त्यांना वाटलं, काका गंमत करतायत.

बाबा गंमत करत नव्हते. मला त्यांचा आवाज कळतो.

अर्धे शब्द गाळलेत रे. इतक्या वर्षांत बाबांच्या सूचीतून शब्द निसटल्याचं कुणी ऐकलं नाही. म्हणजे ते गाळतच नाहीत, तुझा प्रोग्राम गिळतो आहे. एकीखाली एक लावताना तू काहीतरी घोळ घातला आहेस. बाईंनी जाताना दारात मला हळूच सांगितलं, "नाहीच जमलं तर तुमच्या भावाचा प्रोग्राम आहेच ना आमच्याकडे." म्हणजे झालं. तुझी इच्छा पूर्ण होईल. बाबांनी आराम करायचा.

बाबा दुपारपासून टेबलाशी बसलेत. पडदा बंद आहे. मी दिवा लावला तर म्हणाले, "राहू दे." मला त्यांची भीती वाटते आहे. त्यांच्यासाठी वाटते आहे, असं म्हणायचंय मला.

पुस्तकाची फाइल आणि बाबांची सूची दोन्ही सोबत जोडली आहे. शोध काय गिळलंय ते. आणि हे एकदा नीट कर, मग हवं तर जन्मभर बोलू नकोस.

ताई


११ मार्च

बारक्या,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. दुकान बंद केलंय.

तू माझ्या म्हणण्याप्रमाणे तुझा चार मिनिटांचा प्रोग्राम त्या पुस्तकावर चालवलास, त्याची सूची बाबांच्या सूचीशेजारी ठेवलीस आणि बाबांचे निसटलेले शब्द पानावर कुठे आहेत ते बघितलंस. सगळे ओळीच्या डाव्या अर्ध्यात. बाबांनी घेतलेले सगळे उजव्या अर्ध्यात. ओळ संपते तिथला एकही शब्द सुटलेला नाही आणि ओळ सुरू होते तिथला एकही सापडलेला नाही. प्रोग्राम असं करू शकत नाही, असं लिहिलंस.

आणि खाली: 'ताई, बाबांना डॉक्टरकडे ने. आज. मेंदूच्या.'

मी चष्म्याचा तक्ता आठवत बसले आहे. आणि ताट. आणि गाल. सगळं माझ्या डोळ्यांदेखत होतं रे, डोळ्यांदेखत.

रिक्षा आली आहे. रात्री लिहिते.

ताई


१४ मार्च

बारक्या,

तुला फोनवर थोडं सांगितलं (उचललास, बरं वाटलं), पण तेव्हा कॉरिडॉरमध्ये उभी होते आणि धड काही बोलता आलं नाही. आता नीट लिहिते.

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका येऊन गेला आहे. छोटा. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने झाले असावेत. डिसेंबरात एका सकाळी डोकं दुखतंय म्हणून बाबा आडवे झाले होते. दुपारी उठून कामाला लागले. हातपाय चालत होते, तोंड चालत होतं, मग कोण कशाला डॉक्टरकडे जातंय? एडिटरचं अपडेट त्याच आठवड्यात आलं होतं. आम्ही सगळं खापर त्याच्यावर फोडलं.

डोळे चांगले आहेत. डोळे दाखवतात, पण डावीकडे लक्षच जात नाही. डॉक्टर म्हणाले, "डावीकडे अंधार दिसतो असं नाही. त्यांच्या लेखी डावीकडे काही नसतंच. म्हणून काही हरवलंय असंही त्यांना वाटत नाही." एक कागद दिला, त्यावर लहान लहान चांदण्या छापलेल्या. सांगितलं, सगळ्यांवर काट मारा. बाबांनी चष्मा पुसला, एकेक करून शांतपणे काट मारली, पेन ठेवलं आणि म्हणाले, "झालं." उजवा अर्धा कागद काळा झाला होता. डावीकडे एकाही चांदणीला हात लागलेला नव्हता. डॉक्टरांनी कागद फिरवून त्यांच्यापुढे धरला तेव्हा त्यांना त्या दिसल्या. बघतच राहिले. मग म्हणाले, "माझ्या हातून असं होत नाही." मला तोंड फिरवावं लागलं.

औषधं चालू आहेत, पुन्हा झटका येऊ नये म्हणून. लक्षाची सवय परत लावता येते म्हणाले. पूर्ण येईल की नाही ते सांगता येत नाही. बरीच सुधारणा होते, मेहनत हवी.

आता पुढचं नीट वाच. निघताना डॉक्टर मला म्हणाले, "घरच्यांना सांगून ठेवा. डावीकडून कुणी हाक मारली तर ते उजवीकडे बघतील. मुद्दाम करतात असं समजू नका. आवाज ऐकू येतो, पण डावी बाजूच नाही म्हटल्यावर ते उजवीकडे शोधतात."

बारक्या, त्यांच्या टेबलाच्या डावीकडे दार आहे. दाराशी तुझी खुर्ची. उजवीकडे खिडकी.

त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं रे. ते तुला शोधत होते.

ताई


१६ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर आलं नाही. मीही वाट बघितली नाही. काल मी आपल्या घराची रीत मोडली आणि विषय काढला.

जेवण झालं होतं. मी ताट फिरवून ठेवते आता, अर्धं झालं की. मी म्हटलं, "बाबा, जानेवारीत बारक्या आला होता."

त्यांनी विचारलं, "कुठे?"

मी म्हटलं, "इथे. घरी. तुमच्या टेबलाशी उभा होता."

त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "मग मला हाक का नाही मारली?"

"मारली होती, बाबा."

मग जे बोलले ते तुला जसंच्या तसं लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते मावणार नाही. म्हणाले, "एकदा काम करताना मला त्याचा आवाज आला होता. 'बाबा' म्हणाला. मी खिडकीत बघितलं, तर बाहेर कुणी नव्हतं. पुन्हा येईल म्हणून बघत बसलो. मग म्हटलं, म्हातारपणी भास होतात. तुला सांगितलं नाही. म्हटलं, तू उगाच काळजी करशील."

तू हाक मारलीस ती त्यांना भास वाटली. त्यांनी खिडकीत बघितलं तो तुला राग वाटला. आणि मी दोघांच्या मध्ये चहाचा ट्रे घेऊन उभी. काय म्हणायचं सांग आपल्याला?

रडले बाबा. मी त्यांना आई गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर काल. मग डोळे पुसून म्हणाले, "चार वर्षं मी त्याच्या यंत्राला शिव्या घातल्या. माझ्या डोक्यात बिघाड आहे हे त्यालाच आधी कळलं." मी म्हटलं, "यंत्राने शब्द मोजले फक्त. ते कुठे निसटले ते बघायचं बारक्याला सुचलं." तर म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

ताई


२ एप्रिल

बारक्या,

तू पाठवलेलं चालू केलं. डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि दहा मिनिटं खेळत बसले. म्हणाले, "हे आम्ही कागदावर करून घेतो, लाल रेघ मारून. एडिटरमध्ये पहिल्यांदाच बघतोय."

दोन्ही विंडो पुन्हा शेजारी शेजारी आल्या आहेत. डावीकडची सुरुवातीला बोटभर रुंद होती, ती तू रोज थोडी थोडी वाढवत नेतो आहेस. तिच्या अगदी डाव्या कडेला उभी लाल पट्टी, आणि पट्टीत एक अक्षर, दर वेळी वेगळं. ते अक्षर वाचून टाइप केल्याशिवाय फोकस हलत नाही, शब्द सिलेक्ट होत नाही, काही म्हणजे काही होत नाही. पहिल्या दिवशी बाबांनी तुला माझ्या देखत दोन शिव्या दिल्या. जुन्या, घरगुती. फार दिवसांनी ऐकल्या, बरं वाटलं. आता स्वतःशीच मोठ्याने म्हणतात, "लाल पट्टीपर्यंत, लाल पट्टीपर्यंत," आणि मान वळवतात. एकेका ओळीला वेळ लागतो. काल त्यांना खांब सापडला. मला हाक मारून दाखवला. "हा बघ, इथेच होता," म्हणाले.

संपादकबाईंना मी सगळं सांगितलं. पुस्तक थांबवता येणार नाही, पण बाईंनी तोड काढली. तुझ्या प्रोग्रामची यादी बाबांकडे पाठवणार, आणि माणूस काय शोधत येईल ते बाबा ठरवणार. बाबा म्हणाले, "यादी त्याने पाठवावी. पूर्णविरामासकट."

आता तुझ्या पत्राचं. रविवारी येतोस म्हणालास. ते बाबांना वाचून दाखवलं. तू पुढे लिहिलंयस की उजवीकडून, खिडकीच्या बाजूने येऊन उभा राहशील, म्हणजे त्यांना लगेच दिसशील आणि त्रास होणार नाही. विचार चांगला आहे, पण तसं करू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय, जे कुणी येईल त्याने डावीकडूनच यायचं, तिथेच बसायचं आणि बोलत राहायचं. सोपं करून द्यायचं नाही. त्यांनी शोधायचं.

आणि बाबांनीही तेच सांगितलंय. तुझ्या खुर्चीवर चार वर्षांचे कागद साठले होते, ते त्यांनी स्वतः काढले. निम्मे काढले आणि 'झालं' म्हणाले, मग मी 'लाल पट्टीपर्यंत' म्हटलं तेव्हा उरलेले काढले. खुर्चीच्या हाताला त्यांनी माझ्याकडून एक लाल फडकं बांधून घेतलं आहे. दिवसातून बऱ्याचदा मान वळवून त्या फडक्याकडे बघायचा सराव करतात. कधी पटकन सापडतं, कधी खूप वेळ लागतो, कधी सापडतच नाही आणि चिडतात. काल म्हणाले, "त्याला लिही, मला वेळ लागतो. तेवढा थांब म्हणावं."

तर रविवारी दार उघडंच असेल. आत ये, खुर्चीत बस आणि हाक मार. ते आधी खिडकीकडे बघतील. बघू देत. तू पुन्हा हाक मार. तुला उठून जावंसं वाटेल, मला माहीत आहे, तरी जागचा हलू नकोस. मी आसपास असेन, पण मध्ये पडणार नाही. चहासुद्धा तुम्ही दोघांनी मागितल्यावरच आणीन.

आणि आल्याआल्या तुझे बूट मी उचलून कपाटात ठेवणार आहे. किल्ली माझ्याकडे.

ताई